बावीस की बत्तीस

आमच्या घरात बैलापासून सुनांच्या लुगड्यांपर्यंत सगळं सासरे निवडायचे. शेती कोडोलीला, घर कोल्हापुरात शाहूपुरीत, आणि बोलणं असं की एका ठिकाणी बोललेलं दुसऱ्या ठिकाणी ऐकू जावं. मला मात्र कॉलेजात एनसीसीत असल्यापासून नेमबाजीचा नाद. लग्नानंतरही तो सुटला नाही. सत्तरच्या दशकात केव्हातरी माझ्यासाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं, निव्वळ रेंजवरच्या हौसेसाठी. सासऱ्यांची ना नव्हती. सून निशाण मारते हे ते मिशीला पीळ देत चारचौघांत सांगायचे. भांडण होतं ते बोअरवरून, म्हणजे नळीच्या मापावरून.

"बत्तीसच घ्यायचं," ते म्हणाले. "बावीसनं काय चिमण्या मारायच्यात व्हय? खंडेनवमीला माझ्या बंदुकीशेजारी पूजेला मांडलं तर पावणं हसतील की!"

मला बावीसच हवं होतं. बत्तीसची काडतुसं तेव्हा मिळता मिळत नसत. बावीसची, शेंगदाण्याएवढी, रेंजवर सरावाला हवी तेवढी मिळायची. बत्तीस आलं असतं तर ते कपाटात बसलं असतं, आणि माझा सरावही बंद पडला असता. हे मी परोपरीनं सांगितलं. पण कोल्हापुरात हळू बोललेलं कोण ऐकतो?

शेवटी दुकानदारानं दोन्ही रिव्हॉल्व्हरं रेंजवर आणली. दोन्ही सिंगल ॲक्शन, म्हणजे दर गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. सासरे एकटे आले तर ते सासरे कसले! गावाकडचे दोस्त जीपमध्ये घालून आणले.

त्यांनी आधी बत्तीस उचललं. धाडकन बार झाला, कावळे उडाले, दोस्तांनी "वा रं वाघा!" केलं. सहा बार झाले तरी समोरच्या निशाणाच्या कागदाला मात्र धक्का नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ओठांवर आलं होतं. सासरे म्हणून गिळलं. पण मला एक गोष्ट दिसली होती. चाप दाबायच्या आधीच त्यांचे डोळे गच्च मिटत होते. धिप्पाड गडी, आणि स्वतःच्याच बाराला दचकत होता.

मग मी बावीस घेतलं. सहाच्या सहा गोळ्या काळ्या वर्तुळात.

"आवाज कुठाय पन?" एक दोस्त म्हणाला.

माझं डोकं सणकलं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवा कागद लावला, बावीस पुन्हा भरलं, सासऱ्यांच्या हातात दिलं आणि त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मामंजी, बाराकडं लक्ष देऊ नका. नुसतं माशीकडं बघा." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा.

त्यांनी घोडा ओढला. टपकन बार झाला. या खेपेला डोळे उघडे होते. दुसरा, तिसरा. सहा झाल्यावर सासरे स्वतः चालत कागदापाशी गेले आणि काळ्यातल्या भोकांत एकेक करून करंगळीचं नख घालून बघत राहिले. चार होती. मला इतका आनंद झाला की पदर कमरेला खोचून तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

कागद घडी करून खिशात घालत ते दुकानदाराकडे वळले.

"ह्ये बावीस सूनबाईला द्या," ते गरजले. "आनि असलंच आनखी एक बघा. माझ्यासाठी."