पत्ता नसलेली संस्था

अर्जावर ‘प्रति’ एवढेच लिहून माझे पेन थांबले. समोर शेवंताबाई बसल्या होत्या. त्यांच्या दिवंगत आईने रानभाज्यांची माहिती लिहून ठेवलेली वही काही संशोधकांच्या संस्थेने अभ्यासासाठी नेली होती. वर्ष उलटले तरी ती परत आलेली नव्हती.

“कार्यालय कोठे आहे त्यांचे?”

“हापिसच न्हाई म्हणत्यात, भाऊसाहेब. एक पुण्याला, एक बंगळूरला, एक परदेशात. समदे मोबाईलवरच भेटत्यात. कुणालाबी फोन लावा, वही दुसऱ्याकडं हाय म्हणतो.”

तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देण्याच्या या टेबलावरून मी भल्याभल्यांना जाब विचारला आहे. अधिकारी कितीही उर्मट असो, त्याला दार असते, दारात शिपाई असतो आणि अर्जावर आवक शिक्का मारणे त्यास भाग पडते. तिघांनी दूरदूर बसून एकत्र काम करावे, ही कल्पना थोर असेल. परंतु अशा संस्थेत श्रेयासाठी सर्वांची नावे असतात आणि उत्तर देण्यासाठी एकही नसते. माझ्यासारख्या अनुभवी माणसाने दाद मागावी तरी कोणापुढे?

“माहिती त्यांच्याकडे सुरक्षित असेल,” मी म्हणालो.

“माहिती ऱ्हाऊ द्या की त्यांना. आईचं अक्षर तेवढ्या वहीतच हाय.”

अखेर तिघांच्याही नावे अर्ज लिहिला आणि त्याचे छायाचित्र बाईंच्या मोबाईलवरून, त्यांनाही सामील करून घेतलेल्या संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पाठविले. पाच मिनिटांत तिघांनीही हात जोडल्याचे चित्र पाठविले.

शेवंताबाईंनी ते निरखून पाहिले. “म्हंजे वही कुणाकडं हाय?”

ते तिघांपैकी कोणीही लिहिले नव्हते.