सुईणींचा वर्ग

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. नाशकातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. बाळंतपणं करायची आणि आठवड्यातून एकदा गावातल्या सुईणींना स्वच्छता शिकवायची. माझी जीभ तिखट होती. नखं वाढलेली दिसली की सगळ्यांदेखत मी सुईणीला घालूनपाडून बोलायचे.

एके दिवशी एका मुसलमान व्यापाऱ्याची सून सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी तापाने फणफणली होती. तपासलं तर मांड्यांमध्ये चिघळलेली जखम. काही मोजक्या घरांत ती रीत होती, पण तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. मुलगी सातेक वर्षांची झाली की एक म्हातारी सुईण येऊन तिच्या नाजूक जागी पात्याने काप द्यायची. ही म्हातारी माझ्याच वर्गात पुढे बसायची!

मुलगी वाचली. आई म्हणाली, "बाई, धाकटी पाच वर्षांची आहे. हिच्या तापानं सासूबाई घाबरल्यात. त्या घाबरलेल्या आहेत तोवरच धाकटी सुटेल."

असा काप द्यायला सुईणींना मनाई करा, असा अर्ज मी लिहिला. डॉक्टरसाहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचला. "धर्माचा मामला. सरकार त्यात पडणार नाही. जखम चिघळणार नाही एवढं बघा. म्हातारीला शिकवा."

मी चरफडले, आणि मग जीव तोडून शिकवलं. पातं किती वेळ उकळायचं, हात कसे धुवायचे. म्हातारी भलतीच हुशार निघाली. खोटं कशाला बोलू, मला तिचं कौतुक वाटायचं. पुढे तशी चिघळलेली जखम घेऊन एकही मुलगी आली नाही. साहेबांनी शाबासकी दिली, ती मी मुकाट घेतली.

दोन वर्षांनी तीच सून धाकटीला घेऊन आली. ताप नव्हता. जखम छान भरत होती.

"सासूबाईंना मी त्या तापाचीच भीती घालत होते," ती म्हणाली. "म्हातारी घरी येऊन सांगून गेली, मला दवाखान्याच्या बाईंनी शिकवलंय, आता काही होत नाही. मग मी काय बोलणार, बाई?"

त्या घरात तिच्याकडे तेवढं एकच कारण होतं. ते मी काढून घेतलं होतं.

वर्ग बंद केला असता तर मुली पुन्हा तापाने फणफणल्या असत्या, एखादी मेलीही असती. पुढच्या आठवड्यात मी वर्ग घेतला.