पाऊस अडवल्याची कबुली

केनवडचा बाजार होता त्या दिवशी. सत्तरच्या दशकातलं, दुष्काळाचं वर्ष. मी आणि माझा मोठा भाऊ नामदेवदादा रिठदहून आलो होतो.

दादाला बरेच दिवस कुणाचे तरी आवाज ऐकू यायचे... सतत कुणी हुकूम सोडतंय असं वाटायचं. बाजारात त्याने एका दुकानातली तांब्याची घागर उचलली, डोक्यावर ठेवली आणि सरळ चालू लागला. दुकानदार काकांनी धावत जाऊन ती काढूनही घेतली. पण तोवर आरडाओरडा झाला, शिपाई आला.

दादाच्या हातात बेड्या!

"अवो, बिमार हाय तो... काहून नेऊन राह्यले त्याले?" मी ओरडत मागे धावले.

"मंग मोकळा सोडू का? जेलातच बरा हाय तो," शिपाई म्हणाला.

आणि खरंच जेलात टाकलं. मी भेटायला गेले तर पाठीवर वळ... रात्रभर बडबडतो, इतरांची झोपमोड करतो म्हणून मारलं होतं. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर तिथले लोक एकमेकांकडे बघून हसले.

पुढे केस उभी राहिली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

दादाने हात जोडले. "हो साहेब. पाऊस म्याच अडवला. मले फाशी द्या."

अख्खं कोर्ट हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली... माणूस मरण मागतोय आणि तुम्ही हसता?

साक्षीला आलेले दुकानदार काका मात्र हसले नाहीत. ते मध्येच उठून म्हणाले, "साहेब, मले माझी घागर तवाच भेटली. याले जेलात टाका असं म्या कवाच म्हटलं नाही. दवाखान्यात पाठवा पोराले."

साहेबांनी काकांचं म्हणणं लिहून घेतलं. मग त्यांनी डॉक्टरची तपासणी लावली आणि दादाला जेलातून नागपूरला, मनोरुग्णांच्या दवाखान्यात हलवलं. औषधाने तो सावरला. काही महिन्यांनी घरी आला, शेतात राबू लागला.

काकांचे उपकार मी विसरणार नाही. पण राग अजून जात नाही... दवाखान्यातून बरा होऊन आलेल्या माझ्या भावाला गाव शेवटपर्यंत 'जेलातून आलेला'च म्हणत राहिलं.