मागून आणलेलं झबलं

पाचवा महिना सगळ्यात सुखाचा, असं बायका म्हणतात. उलट्या थांबतात, भाकरीला पुन्हा चव येते, पोट दिसायला लागतं पण अजून जड वाटत नाही. माझंही तसंच होतं. तरी मला धास्ती होती ती याच महिन्याची. पहिलं मूल पाचव्यातच गेलं होतं, पोटात एकदाही न हलता.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि वडनेरात बी.ए. झालेली सून मी एकटीच. माझा बाप अंगठा उठवणारा. त्याची लेक शाळेत शिकवते याचा मला गर्व होता, आजही आहे.

एका सकाळी पातळाला डाग दिसला. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. बुलढाण्याला नेऊ नका म्हणाल्या, घाटातले एसटीचे गचके सोसायचे नाहीत. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या आणि बजावून गेल्या, "उठायचं नाही. बाळ हललं की मला सांगा."

बाळ हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूनं विषय काढला. जिचं मूल जगत नाही, तिनं लेकराबाळांच्या घरी पदर पसरून जुनं झबलं मागायचं. मग पोटातलं टिकतं, अशी आमच्याकडची रीत.

"मी नाही मागणार."

"काऊन? कालेजात मागाले शिकवलं नाही वाट्टे?"

"तुम्हीच आणा मग."

"माह्या मागण्यानं काय होते? पोटुशी तू हायेस."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी पुन्हा डाग. या वेळी लालभडक. सासू तशीच अनवाणी नर्सबाईंना आणायला धावली. घरात मी एकटी. पोटावर हात ठेवून विनवत राहिले, हल ना रे, एकदाच हल. पुस्तकात वाचलं होतं, या महिन्यात बाळाची हालचाल कळते. नाही कळली तर आईनं काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी उठले. उठू नये हे कळत होतं, तरी उठले. भिंत धरत धरत शेजारच्या बांगडीवालीच्या दारात गेले. तिचं घर पोरांनी भरलेलं.

"मास्तरीणबाई! रोज माह्या पोराइले छडीसाठी हात पसराले लावता, अन् आज..."

मी पदर पसरला होता. ती बोलता बोलता थांबली. तिची नजर माझ्या पातळावर गेली.

"भाभी, झबलं द्या," मी म्हणाले. "जुनं. कसंही चालेल."

"या अल्ला!" तिनं धाकट्याच्या अंगातलंच काढलं आणि माझ्या पदरात टाकलं. ते अजून गरम होतं, दुधाचा आंबूस वास येत होता. मला कवेत धरून तिनं खाटेवर आणून निजवलं. "आता पाणी लागलं तरी मले आवाज द्या. उठू नका."

सासू एकटीच परतली. नर्सबाई दुसऱ्या गावी बाळंतपणाला गेल्या होत्या. माझ्या उशाशी झबलं दिसलं तसा तिनं तोंडाला पदर लावला.

झबल्यानं मूल टिकतं असं मी तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. पण त्या दुपारी कुणी सांगितलं असतं तर साऱ्या गावापुढे पदर पसरला असता.

दिवेलागणीला बेंबीच्या खाली काहीतरी फडफडलं. ओंजळीत चिमणी धरावी तसं.

"काय झालं वं?" सासूनं विचारलं.

"काही नाही."

सांगायची हिंमतच नव्हती. पुन्हा हलेपर्यंत मी श्वास धरून पडून राहिले.