बाकांखालची हवा

“आता सोपं झालं ला. साधे एसी लावून टाकू. अडवायला बाई नाहीत.”

सिंगापूरमधल्या मंडाई इथल्या स्मशानगृहाबाहेर पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या टेबलापाशी मी उभी होते. माझ्या मागे मिस्टर लिम, इथल्या सवयीने वाक्याच्या शेवटी ‘ला’ जोडत, कुणाला तरी हलक्या आवाजात हे सांगत होते. आमच्या ऑफिसकडे असलेल्या चॅपलच्या, म्हणजे एका लहान चर्चच्या, कामाचे ते कंत्राटदार. थोड्या वेळापूर्वी वृंदामावशीच्या शवपेटीवर फूल ठेवताना हेच लिम खरोखर रडले होते, त्यामुळे मला त्यांचा रागही धड येईना. बोलण्यात दुष्टपणा नव्हता. खूप दिवसांची कटकट संपल्यावर माणूस जसा श्वास सोडतो, तसं ते होतं. मी वळून काहीतरी म्हणायला हवं होतं... मी बाटलीचं झाकण उघडत राहिले.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. मावशी म्हणजे आईची पुण्यातली शाळेपासूनची मैत्रीण. मेकॅनिकलला मुलींनी जायचं नसतं असं सगळे म्हणत असताना गेलेली, आणि नंतर सिंगापूरला येऊन तीस वर्षं मॉल, ऑफिसं, हॉटेलांच्या लॉब्या थंड करत राहिलेली. तिला स्वतःला एसीचा भयंकर तिटकारा. पिशवीत कायम एक जाड शाल असायची. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढली की आधी शाल बाहेर. “लोकांना थंडी विकून मी मरीन परेडला फ्लॅट घेतला,” ती म्हणायची, “आता माझीच थंडी मला सोसावी लागतेय,” आणि डबाभर ऐकू जाईल असं हसायची. मी आजूबाजूला बघायचे, कोणी पाहतंय का.

मी इथेच वाढले, इंग्रजी शाळेत. गणपतीत बाकीची मुलं स्टेजवर नाचायची तेव्हा मी चपलांच्या रॅकपाशी बसलेली असायचे. मावशी बटाटेवड्याची प्लेट घेऊन शेजारी येऊन बसायची आणि काहीही विचारायची नाही. मोठ्या माणसांत हे फार दुर्मिळ. पुढे शिकून मी तिच्याच ऑफिसात लागले. सगळे तिला मॅडम म्हणत, मी एकटी मावशी. ती मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मीटिंगमध्ये गप्प बसून नंतर मी लांबलचक ईमेल लिहिली की मात्र तिचा पारा चढायचा. “काय गं, पोस्टात नोकरी करतेस का? समोरच बसले होते ना ते? तेव्हा जीभ कुठे ठेवली होतीस?”

चॅपलचं काम आमच्याकडे आलं तेव्हा ती आधीच आजारी होती, पण ते मला माहीत नव्हतं. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. चॅपल शंभर वर्षांहून जुनं, संरक्षित. खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. उंच लाकडी छत, भिंतींना चुन्याचा गिलावा, त्यावर वेलीची हाताने रंगवलेली पट्टी, आणि दोन्ही बाजूंना तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या खिडक्या, ज्यांतून वारा येतो, आला तर. म्हातारी माणसं उकाड्याने यायची थांबली होती. लग्नं हॉटेलांत जाऊ लागली होती. चॅपलच्या समितीचे अध्यक्ष मिस्टर रोझारिओ निवृत्त शिक्षक; त्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं, “माणसं आली नाहीत, तर ही वास्तू जपायची कोणासाठी?” लिमची योजना तयार होती. खिडक्यांना आतून काचा लावायच्या, भिंतींवर लाकडी खोक्यांत एसी बसवायचे आणि बावीसवर ठेवायचे. मॉलसारखं.

“बावीसवर ठेवा आणि लग्नाच्या दिवशी दार उघडा,” मावशी म्हणाली. “बाहेरची दमट हवा आत शिरली की आधी भिंतींना घाम फुटेल, मग नवरीला.” सगळे हसले. ती हसली नाही. परतताना टॅक्सीत तिने मला सांगितलं, की सिंगापुरातल्या सुरुवातीच्या दिवसांत तिने स्वतः एक जुनं सभागृह असंच बंद करून थंड केलं होतं. पुढच्या वर्षी गिलावा पापुद्र्यांसारखा सुटून खाली आला. “मालकाने मला दोष दिला नाही. त्याला कळलंच नाही कशाने झालं ते. मला कळलं होतं.”

त्यानंतर ती रविवारच्या प्रार्थनेला जाऊन बसायला लागली, आणि मला सोबत नेऊ लागली. दर वेळी वेगळ्या बाकावर. कोण कुठे बसतं, कोण पंखा हलवतं, कोण मध्येच उठून बाहेर जातं, हे ती पाहायची. आंटी मेबल नावाच्या एक खूप वयस्कर बाई पुढच्या बाकावर असायच्या, हातात कागदी पंखा. त्यांनी एकदा वळून मावशीला विचारलं, “यू कॅथलिक आ?”

“नो आंटी. मेकॅनिकल.”

आंटींनी यावर नीट विचार केला आणि मान डोलावली. जणू हाही एक पंथ असावा.

एका रविवारी गाण्यासाठी सगळे एकदम उठले आणि पायाखालची फळी पोकळ वाजली. मावशीने माझ्या बरगडीत कोपर मारलं. प्रार्थना संपल्यावर ती सरळ गुडघ्यांवर बसली, कान फळीला लावून. मागून जाणारे लोक आदराने बाजूने गेले. बाक ज्यावर उभे होते तो लाकडी चौथरा आतून हातभर पोकळ होता. कडेच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत धूळ, मेणबत्तीचा तुकडा आणि कुणाची तरी केसांची पिन दिसली. “रेवा,” ती म्हणाली, “सगळं चॅपल थंड करायला आपल्याला कोणी सांगितलंय? माणसं जिथे बसतात तेवढंच बघू.” कोरडी केलेली, जराशीच गार हवा त्या पोकळीतून बाकांखाली सोडायची, अगदी हळू. ती पायांशी पसरेल, माणसांच्या उबेने वर चढेल आणि उंचावरच्या झरोक्यांतून निघून जाईल. काचा नकोत. भिंतीला हात लावायचा नाही.

लिमना ते पटलं नाही. हवा वाहताना जाणवली नाही तर लोक एसी बंद पडलाय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि इथल्या लोकांना ओळखण्यात ते चुकत नव्हते. शेवटी समितीने एका बाकावर प्रयोग करू दिला. मागच्या खोलीत यंत्र ठेवलं, तिथून कापडी नळी आणली, बाकावर आंटी मेबल. अर्ध्या तासाने रोझारिओंनी विचारलं, कसं वाटतंय? आंटी म्हणाल्या, “चालू केलं की नाही अजून?” लिमनी हात पसरले, बघा म्हणून. मावशी, तोवर पार वाळलेली, शालीत गुंडाळलेली, फक्त आंटींच्या मांडीकडे बोट दाखवून उभी राहिली. पंखा मिटून तिथे पडला होता. आंटींनाही तो खाली ठेवल्याचं आठवत नव्हतं.

निर्णय मात्र लांबला. प्रयोग एका बाकाचा आणि बाक चॅपलभर, असं समितीत कोणीतरी म्हणालं, आणि ते खरंही होतं. तेवढ्यात मावशी इस्पितळात गेली.

मी भेटायला गेले तेव्हा पलंगावरच्या एसीच्या जाळीवर तिने नर्सकडून पुठ्ठा चिकटवून घेतला होता. “चाळीस पेशंट आणि एकालाही कळू नये की वारा डोक्यावर येतोय,” ती करवादली. मी डबा आणला होता, आईने केलेला मऊ भात. तिने दोन घास खाल्ले आणि विचारलं, “समिती कधी बसतेय?”

“नेक्स्ट मंथ. बट मावशी, दे वोन्ट लिसन टू मी.”

“मराठीत सांग.”

मला पटकन शब्द जुळेनात. “माझं... ते ऐकणार नाहीत.”

“नाही ऐकलं तर नाही. पण तू न बोलताच त्यांनी काचा लावल्या, तर तो गिलावा पडताना मी वरून बघणार, आणि तुला शिव्या घालणार. मराठीतच.” मग डोळे मिटून, “लिम वाईट नाही हो. भित्रा आहे. त्याला कशाची भीती वाटते ते बघ.” ही आमची शेवटची भेट.

समितीची बैठक गेल्या आठवड्यात झाली, चॅपलमागच्या खोलीत. ऑफिसातून मी एकटीच गेले; ‘त्यांना हवं ते देऊन टाक’ एवढीच मला सूचना होती. टेबलावर दोन्ही नकाशे होते, लिमचा आणि मावशीचा. लिमनी आपला समजावून सांगितला. मग रोझारिओ माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही लिहून पाठवणार असाल तरी चालेल.” ते खरोखर मायेनेच म्हणाले होते, आणि ती मायाच टोचली म्हणून मी उभी राहिले.

मी बोलले. फार चांगलं नाही. भिंतींना घाम कसा फुटतो ते सांगितलं, वेलीची पट्टी एकदा सुटली की परत रंगवता येईल पण ती हीच पट्टी नसेल, ते सांगितलं. बाकांच्या सगळ्या रांगांचा हिशेब मी पुन्हा केला होता, तो दाखवला. पहिले दोन महिने आमची माणसं दर रविवारी हवा मोजतील असं म्हणाले, जे मी ऑफिसात कोणालाच विचारलं नव्हतं. रोझारिओ नकाशा स्वतःकडे ओढून बघू लागले.

मग लिम बोलले, आणि स्मशानगृहाबाहेर बोलले होते तसेच, मनापासून. “नकाशा ठीक आहे. मी बांधूनही देईन. पण पंधरा वर्षं मी त्या बाईंबरोबर काम केलं. माझ्या प्रत्येक कामात लोकांनी तक्रार केली की त्या फोन घ्यायच्या. सुट्टीच्या दिवशी, जेवताना, कधीही. शिव्या त्या खायच्या. आता रविवारी सकाळी दोनशे माणसं बसलीत, कोणीतरी ओरडतंय गार होत नाही म्हणून... मी कोणाला फोन करायचा? सांगा ना. कोणाला?”

माझा फोन वाजला की मी तो वाजू देते आणि नंतर मेसेज करते. लिमना हे पक्कं माहीत होतं, त्यामुळे त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“मला करा,” मी म्हणाले. “मी उचलेन.”