नागीण उतरवायला रायपूरला
तुमसर रोड स्टेशनवर गाडीत बसलो तेव्हा पिशवीत दोन धोतरं, चिवडा आणि गेरूचा खडा होता. कुणाला नागीण झाली, म्हणजे कमरेभोवती फोडांचा जळजळता पट्टा उठला, की गावचे लोक माझ्याकडे येतात. मी फोडांभोवती गेरूची रेघ ओढतो, मंत्र म्हणतो. वडिलांकडून शिकलो. शाळा म्हणाल तर चौथी.

आदल्या दिवशी रेखाचा फोन आला. ही माझी एकुलती पोरगी, रायपूरला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिचं लिव्हर खराब झालं, तेव्हा जावयानं आपल्या लिव्हरचा तुकडा तिला दिला.

"बाबा, मले नागीण झाली. गेरू घेऊन या. यांले सांगू नका, पुन्हा दवाखान्यात भरती करतील."

मी हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ दिसलं तसे डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. मी नाही. रेखाची आई असती तर तिनं धरून जोडायला लावले असते. मागच्या वर्षी तिला कावीळ झाली. मी तिच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असं समजतात. माळ बेंबीच्या खाली आली आणि बाई गेली. पंधरा दिवस मी माळेकडे पाहत होतो, बाईकडे पाहिलंच नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

रायपूरला ऑटोवाल्याला ब्राह्मणपारा सांगितलं (पारा म्हणजे मोहल्ला). "हव बबा," म्हणजे हो बाबा, म्हणाला, आणि तात्यापाऱ्यात उतरवून दिलं. मी ओरडलो तर हसतो. "बाजू में ही तो है बबा, पैदल पहुँच जाओगे." विचारत विचारत रेखाच्या घरी पोचलो. जुनी घरं, जागोजागी देवळं, गल्लीत स्कूटरवाले अंगावर येतात.

रेखानं फरा केला होता (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट गोळे). तिखट चटणीशी चांगला लागतो. खाऊन झाल्यावर तिनं कमर दाखवली. पट्टा होताच, पण छातीवर आणि दंडावरही फोड होते. अंग तापलेलं. असली नागीण मी जन्मात पाहिली नव्हती.

"गेरू भिजवू?" तिनं विचारलं.

"नको. दवाखान्यात चल."

"मग एवढ्या दुरून आले काहून?"

तेव्हा तिला माळेचं सांगितलं. सगळं.

"तुमच्यानं नाही गेली आई."

"मले शिकवू नको. चप्पल घाल."

जावयाला फोन केला. बीरगावच्या कारखान्यातून तो थेट दवाखान्यात आला. "आधा माल मेरा है," तो रेखावर चिडला, "मले न विचारता त्याच्यावर रेघा ओढून घेणार होती?"

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या होतात, त्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो. नवं लिव्हर शरीरानं परकं समजून मारू नये म्हणून रेखाला रोज गोळ्या असतात. त्या गोळ्यांनी अंगाची लढायची ताकद दबते आणि झोपलेला विषाणू जागा होतो. अशा माणसात तो फुप्फुसात, मेंदूत, नव्या लिव्हरमध्येही शिरू शकतो. लगेच शिरेतून औषध सुरू केलं.

"मी गेरू आणला होता," मी सांगून टाकलं.

"तो घर का आँगन लीप लीजिए, बाबूजी. इनको छोड़िए. जल्दी ले आए, अच्छा किया."

तीन दिवस मी बाकावर बसून होतो. चौथ्या दिवशी नवीन फोड उठला नाही. मग खपल्या धरू लागल्या, ताप गेला. तपासणीत लिव्हर ठीक निघालं. रेखा जावयाशी भांडायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघताना डॉक्टरबाईंना विचारलं, "मग माझ्या हातानं एवढे लोक बरे झाले, ते?"

"ज़्यादातर लोगों का अपने आप ठीक हो जाता है."

परतीच्या गाडीत हेच डोक्यात फिरत होतं. चाळीस वर्षं नारळ घेतले, पाया पडून घेतलं. लाज वाटली. पण पोरगी जिवंत होती, त्यामुळे ती लाज जड नाही वाटली.

गावात पोचलो तर ओट्यावर शेजारची सून बसलेली. डोळ्यापाशी नागिणीचे फोड, पापणी सुजलेली. "आबाजी, किती वाट पाहायला लावली!"

मी कुलूप काढलं नाही. तिला दवाखान्यात न्यायला तसाच तुमसरच्या बसमध्ये चढलो. बस भरलेली होती. तिला जागा मिळाली, मी उभा राहिलो.