मशीनबाहेर न गेलेले रिपोर्ट

पारोळ्याहून आलेला तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस कीबोर्डला हात लावण्याआधी दरवेळी रुमालाला बोटं पुसायचा. पिंप्राळ्यातल्या आमच्या लॅबमध्ये तो एकदाच आला. नव्या लिनक्स मशीनवरून मी दोन दिवस डॉक्टरांना रक्ताचे रिपोर्ट मेल करत होतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एका डॉक्टरांनी फोनवर विचारलं, “रिपोर्ट कुठाय?”

“आधी एखादा मेल पाठवून बघितला होता का?” पारोळ्याच्या माणसानं विचारलं.

“हो, याच मशीनवरच्या माझ्याच खात्यावर. लगेच मिळाला.”

त्याची बोटं थांबली. “बठ्ठा मेल आठेच शेतस, भाऊ. सगळे इथंच पडलेत. मेल मशीनच्या आतच ठेवायचे, असं मूळ सेटिंग आहे. बाहेर एकही गेला नाही.”

मी म्हणालो, “मग आता सोडा ना!”

त्यानं माझा मोबाइल माझ्यापुढे सरकवला. “मी सोडतो. तुम्ही आधी फोन करा. ज्याचा रिपोर्ट सगळ्यात वाईट, त्याच्या डॉक्टरला पहिला.”

ते नाव मला यादीत शोधावं लागलं नाही.